कीळानेल्लीचा गुण

"घ्या, गिळा एकदाचं!" वसंताने हिरव्या काढ्याचा पेला नवऱ्यापुढे आदळला. तिच्या थरथरत्या हातून थोडा काढा टेबलावर सांडला.

"पुन्हा हे गवत?" मुरली गुरगुरला.

"कीळानेल्ली आहे. भुईआवळा. आपली लेक कीर्तना कॉलेजात शिकून आलीय, दारूने अंगातल्या पेशींच्या चुली विझतात. ही त्या विझू देत नाही."

"आधी तुझं तोंड विझव."

तोंडात लवंग टाकून ती आत गेली. हल्ली ती सदा लवंगच चघळायची. मुरलीने पेला बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामा केला. त्या काढ्याचा थेंबही त्याने कधी चाखला नव्हता.

संध्याकाळची रम मात्र चुकत नसे. तीही हल्ली कडवट लागे. दुकानवाले भेसळ करतात, दुसरं काय!

ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तो फोरमन होता. कंपनीने यकृताची तपासणी मागितली होती. खराब निघालं तर नोकरी जाणार.

त्याने रक्त घ्यायला माणूस वेस्ट मांबलमच्या घरीच बोलावला.

"अगे, तूही दे रक्त. दोघांचं एकदम होईल."

"माझं कशाला?"

"तू मेलीस तर काढा कोण करील?"

तिने नाक मुरडून हात पुढे केला. माणसाने दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्यांवर एकेक नळी ठेवली आणि वाजणारा फोन घेऊन तो बाल्कनीत गेला. तेवढ्यात मुरलीने नळ्यांची अदलाबदल केली. एकादशी करणारी, सोवळ्यातली बाई. तिचं रक्त आता त्याच्या नावावर कंपनीत जाणार होतं.

रिपोर्ट आले तसं नुंगंबाक्कमच्या डॉक्टरांनी दोघांना बोलावलं.

"अम्मा, तुमचं छान आहे," ते म्हणाले. "मुरली, तुमचं यकृत मात्र संपत आलंय. रोज पिता ना?"

"शक्य नाही!" मुरली ताडकन उठला. नोकरीचं भानच राहिलं नाही. "ते रक्त हिचं आहे. नळ्या मी बदलल्या होत्या!"

डॉक्टर सावकाश वसंताकडे वळले. "अम्मा?"

वसंताने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"काढा कुंडीत जातो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तो यांच्या रमच्या बाटलीत भरायला लागले," ती म्हणाली. "पण आधी बाटली अर्धी रिकामी करायला हवी. आणि मोरीत ओतली असती, तर वास आला असता ना?"