कोंडाजी सरांचं मॉडेल

"आर सापडत नाही," असं स्क्रीनवर अकराव्यांदा उमटलं, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मनीषाचा डबा तसाच बंद होता.

पाच वाजता यादी जायची होती. या उन्हाळ्यात कोणकोणत्या पाड्यांना पाण्याचा टँकर द्यायचा, त्याची यादी. नवी झाली नाही तर मागच्या वर्षीचीच पुढं पाठवू, असं ऑफिसच्या प्रमुख सविता मॅडमनी सकाळी अगदी हसतमुखानं सांगितलं होतं. मागच्या यादीत पेठकडचा बोरीचा पाडा नव्हता. मनीषाचं घर त्याच पाड्यात.

विहिरींची पातळी, माणसं, गुरं ही सगळी माहिती तिनं दोन महिने हिंडून गोळा केली होती आणि पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत भरली होती. पण कोणाला टँकर हे ठरवणारं मॉडेल कोंडाजी सरांचं, आणि ते त्यांनी निवृत्त होण्याआधी आर नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहून ठेवलेलं. स्क्रीनवरच्या एकाच नोटबुकात वर पायथन, खाली आर, मध्ये दोघांना जोडणारा पूल. सोमवारी ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. त्याला हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला, पेढे वाटले. सरांचं फोल्डर जुन्यावरून जसंच्या तसं आणलं. पूल तेवढा कोणी बसवला नाही.

आर ऑफिसात कोणालाच येत नव्हती. सरांची फाईल नोटबुकातून बोलवायची, उघडायची नाही, अशी रीतच पडली होती. उगाच हात लागून काही बिघडलं तर निस्तरणार कोण? सहा वर्षांत त्या यादीवर एक शंका आली नव्हती. यादी फार स्थिर असते, मॅडम अभिमानानं सांगत. चांगल्या मॉडेलची हीच खूण.

मनीषानं आर काढून पुन्हा टाकली. तिचा पत्ता कॉम्प्युटरला हातानं लिहून दिला. आता आर सापडली, तर पूल सापडेना. पूल टाकला. "इन्स्टॉल झाला," असं कॉम्प्युटर म्हणाला आणि नोटबुक म्हणालं, "असलं काही इथं नाही."

साडेतीनला नवसाबाईचा फोन आला. आईला एरर कळत नव्हता, पण लेकीचा आवाज कळत होता. तिनं फार विचारलं नाही.

"मने, झऱ्यात नुसता गाळ हाय आता. यंदा तरी नाव लागंल का?"

"लागेल, आये. मशीन जरा अडलंय."

मग तिनं धीर करून कोंडाजी सरांना फोन लावला. सर बागेत गुलाबांना पाणी घालत होते. पाइपाचा आवाज येत होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोरी, जेवलीस का, असंही विचारलं.

"इतकं जिवाला लावून घेऊ नकोस गं," ते म्हणाले. "जाऊ दे जुनीच यादी. फारसा फरक पडायचा नाही."

"पडेल, सर. या वर्षी आमची विहीर कोरडी आहे. मी स्वतः दोर सोडून मोजलीय."

सरांनी पाइप बंद केला. फाईलला मात्र हात लावू नकोस, एवढं बजावून त्यांनी फोन ठेवला.

सव्वाचारला तिच्या ध्यानात आलं की या नव्या कॉम्प्युटरवर पायथन दोन आहेत. पूल एकाला जोडलेला आणि नोटबुक दुसऱ्यावर चाललेलं. तिनं कपाळाला हात लावला, पूल दुसऱ्याला जोडला. मग दोन्ही भाषांच्या आवृत्त्या जुळेनात. त्या जुळवल्या. नोटबुक बंद करून पुन्हा सुरू केलं. दारातून मॅडमनी घड्याळ दाखवलं.

पाचला दहा कमी असताना नोटबुक चाललं. एरर नाही, लाल अक्षर नाही. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच चाळीस पाड्यांची यादी समोर. मनीषाला हुंदकाच आला.

तिनं यादी वरून खाली वाचली. मग खालून वर. बोरीचा पाडा नव्हता.

आपलंच चुकलं असणार. तिनं माहिती तपासली; विहिरीत पाणी शून्य, नीट लिहिलेलं. पुन्हा चालवलं. तेच चाळीस. मग तिनं, आयुष्यात पहिल्यांदाच, खोटी माहिती भरली. बोरीच्या पाड्याची लोकसंख्या दहा लाख केली आणि बाकी सगळ्या विहिरी काठोकाठ भरून टाकल्या.

तेच चाळीस. त्याच क्रमानं.

पाचला चार कमी होते. मनीषानं झेंडूचं सुकलेलं फूल बाजूला केलं आणि सरांची फाईल उघडली. पहिल्या दोनशे ओळींत सरांचा परिचय होता, गुरुजनांचे आभार होते, फाईल न उघडण्याची सूचना होती. त्यांच्या खाली आज्ञा एकच होती: मागच्या वर्षीची यादी घे, वर्ष बदल, छाप.