तिसरं पापलेट

शरीरातली गाठ घट्ट की मऊ, हे अल्ट्रासाउंडनं सांगणारं हातभर यंत्र प्रांजलनं दोन वर्षं खपून बनवलं होतं. उद्या ते पीएचडीच्या गाइडला दाखवायचं, म्हणून आज ती पनवेलच्या मासळी बाजारात गोदूआत्याच्या पाटीशी येऊन बसली. ताजा मासा घट्ट लागायला हवा, एवढी साधी परीक्षा. पाचातली चार पापलेटं घट्ट निघाली, तिसरं मात्र मऊ. तिनं जेल पुसलं, पुन्हा लावलं, सेटिंग बदललं. तिसरं मऊच. समोर गिऱ्हाईकं माना उंचावून बघत होती.

"आते, सगळी आजचीच ना गं?"

"तर! सकालच्या होडीची हायेत!" आत्या अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी गरजली.

प्रांजलचा चेहरा पडला. "मग माझं मशीनच चुकतंय. गेली दोन वर्षं पाण्यात." डोळे पुसत ती यंत्र पिशवीत भरू लागली.

आत्यानं शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लावलं, तिसरं पापलेट गुपचूप पाटीतून काढून बाजूला ठेवलं आणि भाचीच्या कानाशी वाकली.

"रडतेस काय, येडे? मशीन तुजी एकदम बरोबर हाय. पन गिऱ्हाईकासमोर असलं कुनी इचारतं?"