लोचट मांजर

वर्तनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना घेऊन दक्षा मॅडम दर वर्षीप्रमाणे डहाणूच्या किनाऱ्यावर आल्या. हंसामावशी बोंबील वाळत घालत होत्या, पायाशी मांजर घुटमळत होतं.

“हे मांजर इथे रोज का येतं?” मॅडमनी विचारलं.

“लोचट आहे म्हणून,” विद्यार्थ्यांमधली रुपल म्हणाली.

“लोचट कशावरून?”

“रोज येतं म्हणून.”

“फिरून फिरून भोपळे चौकात!” मॅडम खुलल्या. “अगं, नाव ठेवलं म्हणजे कारण कळत नाही. त्याला इथे काय मिळतं ते बघ.”

हंसामावशींनी मान वर केली. “नि मॅडम, तुम्ही दरसाल का येता?”

“मला शिकवायची आवडच आहे.”

“आवड कशावरून?”

“दर वर्षी येते ना...” मॅडमनी जीभ चावली.

मावशींनी एक बोंबील मांजरापुढे टाकला आणि सुक्या बोंबलांची नेहमीची पिशवी मॅडमच्या हातात दिली.