धुतलेली टोपली

टेबलावर टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू आता हलत नव्हतं. वित्झेने टोपी काढून हातात धरली होती. सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा माणूस. शेजारच्या सीत्स्केने त्याला आपल्या गाडीतून या जनावरांच्या दवाखान्यात आणलं होतं.

"मांजरांचा पार्व्हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उलट्या, जुलाब, दोन दिवसांत खेळ संपतो. कुठून आला ते कळायला हवं. घरी आणखी मांजर आहे?"

"याची बहीण आहे. दोघं एकाच टोपलीत झोपायची."

"टोपली कुठली?"

"या सीत्स्केने दिलेली. हिचं मांजर गेलं ना पानगळीत, त्याची. पण ते आजाराने नाही गेलं. गाडीखाली आलं बिचारं."

"मग टोपलीतून नसेल. हा विषाणू वर्षभर टिकतो, साध्या साबणाने मरत नाही. चादरीवरून जातो, बुटांच्या तळव्यांवरूनही. तुमच्याच बुटांवरून घरात आला असेल."

वित्झेने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग तो टेबलापासून एक पाऊल मागे सरकला.

सीत्स्केचे कान तापले. टोपली तिने साबणाने तीनदा धुतली होती.

"गाडीखाली नव्हतं आलं," ती म्हणाली. "असंच गेलं. उलट्या होऊन. मी त्याला लस टोचली नव्हती. लोक काय म्हणतील म्हणून गाडीचं सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बहिणीला आत्ताच्या आत्ता घेऊन या. प्रयत्न करता येईल. आणि ती टोपली जाळून टाका."

परतताना कालव्यावरचा पूल उचललेला होता. खालून एक बोट सावकाश चालली होती. सीत्स्के स्टिअरिंग धरून शिव्यांची वाट पाहत राहिली.

"डाऊवे," वित्झे अखेर म्हणाला. "दुधाचा टँकर चालवणारा."

"त्याचं काय?"

"आपल्या रस्त्याने रोज तोच जातो, तेही जोरात. मला वाटलं, तुझं मांजर त्याच्याच चाकाखाली आलं असणार. चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर त्याला तसं बोललो मी. तो नाही नाही म्हणत राहिला, पोरी. सगळा हिवाळा त्याच्याशी कुणी धड बोललं नाही."

सीत्स्केला त्याच्याकडे बघवेना.

पूल खाली आला. मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"चल," वित्झे म्हणाला. "आधी त्या दुसऱ्या पिल्लाला दवाखान्यात पोचवू. मग डाऊवेकडे जाऊ. तिथे आधी मी बोलतो."