बासष्ट किलो

"बासष्ट किलो," ती म्हणाली. "या कॅरिअरवर. जाईल ना?"

सायकलवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. घरोघरी औषधं पोचवणारी ही मुलगी काही ना काही बिघाड घेऊन दुकानात यायची, आणि तो बिघाड लवकर व्हावा म्हणून हा पठ्ठ्या देव पाण्यात घालून बसायचा. चिडवायचीही फार. गेल्या आठवड्यात त्याला शेजारच्या धान्यवाल्याच्या काट्यावर चढवून म्हणाली होती, जपा, वाऱ्याने उडाल.

पण हे वजन? सायकल तिच्या भावाची, शर्यतीची; कॅरिअर मागाहून बसवलेलं. चाकाला आरे जेमतेम वीस. साध्या चाकातला एखादा आरा तुटला तर बाकीचे सांभाळून घेतात. इथे एक गेला की चाक वाकडं झालंच म्हणून समजा.

त्याने तसं सांगितलं. चाक बदलू म्हणाला, नाहीतर हातगाडीवरून मीच पोचवतो म्हणाला. ती कशालाच तयार होईना. मीच नेणार, घरी तसं सांगून ठेवलंय, हेच तिचं पालुपद.

"आहे तरी काय?"

"संसाराला लागतंच असं. मी पसंत केलंय, आईबाबांनी अजून बघितलं नाही."

त्याच्या काळजात चर्र झालं. समोरचे शिंपीकाका कालच म्हणाले होते, पोरीचं लग्न ठरतंय. म्हणजे कपाट असणार, नाहीतर शिलाई मशीन. संसार दुसऱ्याचा आणि चाक कसायचं आपण! वर्षभर मूग गिळून गप्प बसलास ना, भोग आता.

तरी काम त्याने जीव ओतून केलं. जाड आरे घातले, एकेक सारखा ताणला, चाकाचा आउट काढून डगमग घालवली. डोळे भरून येत होते, पण चाक असं फिरत होतं की बघत राहावं.

दुसऱ्या दिवशी ती सायकल न्यायला आली. आधी वजन ठेवून बघू, तो म्हणाला. माझंही साधारण तेवढंच भरतं, मीच बसतो मागे.

"बसा," ती म्हणाली आणि घाईघाईने तोंड फिरवलं.

कोपऱ्यावरून परत वळायचं ठरलं होतं. ती वळली नाही. चढ बघू म्हणाली, मग उतार बघू म्हणाली. चाक हूं की चूं करेना. तोंडावर वारा लागला तसा तोही खुलला. असू दे, एवढं तरी पदरात पडलं, असं म्हणत चक्क शीळ घालू लागला.

सायकल एका घरापुढे थांबली. दारात तिचे वडील उभे होते. त्याने उतरून आधी आरे चाचपले. सगळे शाबूत.

"आता तुमचं सामान बिनघोर आणा," तो तिला म्हणाला.

वडिलांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. पोरीने पसंत केलेलं सामान आलं."