हलकी बंदूक

"अगं, धरून तर बघ! हातात काही आहे असं वाटतच नाही," आर्विड म्हणाला आणि त्याने ती बंदूक बायकोच्या हातात जवळजवळ कोंबलीच.

लोर्नाने बंदूक खांद्याला लावली, मैदानापलीकडच्या गव्हावरून नळी फिरवली आणि खाली घेतली. "हलकी आहे खरी."

"मग! तुझी ती जुनी म्हणजे नुसती पहार. दिवसभर खांद्याला लावायची म्हणजे काय खायचं काम आहे?"

जुनी म्हणजे लोर्नाच्या वडिलांची. त्याच पहारीने ती दर रविवारी नेमबाजीच्या क्लबातल्या भल्याभल्यांना पाणी पाजत होती. मातीच्या पंचवीस चकत्या एकेक करून हवेत उडायच्या, तिच्या हातून एखादी सुटली तर सुटली. आर्विडच्या सात-आठ ठरलेल्या. नवराबायकोच्या स्पर्धेत दोघांचे गुण एकत्र धरतात, म्हणून गेल्या महिन्यात ढाल यांच्या घरी आली. फोटोला उभं राहताना मागून कुणीतरी ओरडलं, "लोर्नाच्या नवऱ्याला जरा सरकायला सांगा रे!" सगळे हसले. आर्विडही हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोसाठी हलकी बंदूक शोधायला लागला.

कारण हलकी बंदूक जास्त लाथ मारते. बंदुकीला वजन असलं की अर्धा धक्का तीच पोटात घालते. वजन नसलं की सगळा खांद्यावर येतो. शिवाय उडत्या चकतीमागे फिरवताना हलकी नळी मध्येच अडखळते. आर्विडला हे पक्कं माहीत होतं. लोर्नाला माहीत नसणार, असं तो धरून चालला होता. तिच्या हातात त्याने कधी दुसरी बंदूक पाहिलीच नव्हती.

बंदूक विकायला आलेला ड्वेन खाकरला. "लोर्ना, एक सांगतो हं. ही मी तितर मारायला घेतली होती. दिवसभर पायपीट आणि बार दोन-चार. इथे चकत्यांवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारायच्या म्हणजे खांद्याचं पार..."

"अरे बाबा, तुला विकायची आहे की नाही?" आर्विड मध्येच म्हणाला आणि मोठ्याने हसला. ते हसणं त्याच्या स्वतःच्याच कानाला कसंतरी लागलं.

ड्वेनने एकदा आर्विडकडे बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. त्याला सगळं कळलं होतं. आर्विडच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अजून वेळ गेली नव्हती. 'राहू दे, जुनीच बरी' एवढं म्हटलं की झालं असतं.

"तुला काय वाटतं?" लोर्नाने त्यालाच विचारलं.

"घे की," तो म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

"बरं. मारून बघते एक फेरी."

पहिल्या बारालाच तिचा खांदा मागे फेकला गेला. चार-पाच बारांनंतर ती चकती सोडायची हाक देण्याआधी ओठ आवळून घ्यायला लागली. चकत्या अख्ख्याच्या अख्ख्या गवतात जाऊन पडत होत्या. शेजारच्या जागेवर आर्विड उभा होता आणि त्याचा नेम आज असा लागत होता की विचारू नका. लाजेने तरी हात थरथरायला हवा होता. मेला थरथरेना.

फळ्यावर आर्विडचं नाव पहिल्यांदाच बायकोच्या वर लागलं. "अरे वा! शेवटी नवऱ्याला सूर गवसला!" कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. लोर्नाही सामील झाली. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्याने मांडीवर थापा मारत होती. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "ड्वेन, घेतली रे बंदूक."

तोंड कुठे लपवावं ते आर्विडला कळेना.

गाडीत बसल्यावर त्याला राहवलं नाही. "लोर्ना, परत देऊन टाकू ती. हलकी बंदूक ना, जास्त..."

"लाथ मारते. माहीत आहे मला." तिचा आवाज शांत होता. "शाळेत असताना होती माझ्याकडे एक. महिनाभर शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. बाबांनी मला स्वतःची दिली ती काय उगाच?"

"माहीत होतं? मग घेतलीस कशाला?"

लोर्ना समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. "तू हरलास की मैदानापासून घरापर्यंत चकार शब्द काढत नाहीस. मी काही विचारलं तर नुसतं हूं. घरी पोचलं की शेडमध्ये जाऊन बसतोस. म्हटलं, जिंकलास तर बोलशील माझ्याशी."

आर्विडने गाडी सुरू केली. "लोर्ना, चुकलं माझं. मला..."

"माफीबिफी नको रे," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी बोल. काहीही."

गाडी खडीवरून डांबरी रस्त्याला लागली. आर्विडने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. शेजारी लोर्ना सीटचा पट्टा दुखऱ्या खांद्यापासून लांब धरून, त्याच्या बोलण्याची वाट बघत बसली होती.