नत्थूजींच्या जीपचा पिकअप

पंच्याऐंशी साली नत्थूजींनी नागपूरहून जीपला पिकअप वाढवायचं यंत्र बसवून आणलं. “नुसता पाय टेकवला का उडून राहिली गाडी!” हे अख्ख्या पांढुर्ण्याला सांगून झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि पलीकडच्या सावरगावची दरवर्षीची गोटमार सुरू झाली. नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे सुटले आणि एक नत्थूजींच्या सावरगावच्या साडूच्या, तुळशीरामच्या, कपाळावर बसला. नत्थूजींनी त्याला जीपमध्ये मागं बसवलं आणि पाय टेकवला. यंत्र काही खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी कपाळाला टाके घातले. जीपच्या लोखंडी दांडीवर आपटून डोक्याच्या मागं पडलेल्या खोकेला त्याहून जास्त घातले.

बाहेर नत्थूजी जीप सुरू ठेवूनच बसले होते. “बसा, घरी सोडून देतो.”

 

“नको बाप्पा,” तुळशीराम म्हणाला, “मी गोटमारीतूनच पायी जातो.”